कोल्हापूरचा पहिला बोलपट आणि नव्या यंत्रांचे कान

१/
‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट म्हणून ओळखला जातो. तो ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झाला. प्रभात फिल्म कंपनीने तो कोल्हापुरात तयार केला होता. त्यातील आवाज त्या काळच्या यंत्रासाठी नोंदवला गेला. ते यंत्र आज कोठेही चालत नाही; आवाज मात्र उरला आहे. जुना आवाज नव्या यंत्रातून बोलता करणे म्हणजे काय, याविषयीचा हा धागा.

२/
प्रश्न नवा नाही. १९९० च्या दशकात ज्यांच्या घरी संगणक आला, त्यांना तो वेगळ्या रूपात ठाऊक आहे. त्या संगणकात आवाजासाठी स्वतंत्र साउंड कार्ड बसवावे लागे. ॲडलिबचे कार्ड १९८७ चे, सिंगापूरच्या क्रिएटिव्हचे साउंड ब्लास्टर १९८९ चे. ही कार्डे आयएसए नावाच्या लांब काळ्या स्लॉटमध्ये बसत. २००० सालाच्या आसपास नव्या मदरबोर्डवरून तो स्लॉट नाहीसा होऊ लागला आणि धडधाकट कार्डे निरुपयोगी झाली.

३/
अडचण केवळ स्लॉटची असती, तर एखादा जोडतुकडा पुरला असता. परंतु डॉसवरील खेळ कार्डाशी थेट बोलत. पत्ता २२०, आयआरक्यू ५ किंवा ७, डीएमए १, हे आकडे ऑटोएक्झेक फाईलमध्ये एका ओळीत लिहून ठेवावे लागत. खेळाचा प्रोग्रॅम कोणाचीही परवानगी न घेता त्या पत्त्यावर जाऊन हुकूम देई. पुढच्या विंडोजने प्रोग्रॅमना असा थेट प्रवेश बंद केला. म्हणजे स्लॉट गेला, डीएमएची जुनी रीत गेली आणि बोलण्याचा शिष्टाचारही बदलला. कार्डाची एक चीपसुद्धा न बिघडता त्याचे जगच नाहीसे झाले.

४/
यावर दोन मार्ग निघाले. पहिला खऱ्या कार्डाचा: मदरबोर्डच्या कोपऱ्यात टिकून राहिलेल्या एलपीसी या छोट्या जोडणीतून आयएसएचे संकेत पुन्हा बाहेर काढायचे आणि जुने कार्ड तेथे लावायचे. काही हौशी तंत्रज्ञांनी हे अलीकडच्या वर्षांत करून दाखवले. दुसरा मार्ग नक्कलेचा: कार्डच नको, त्याचे वागणे गणिताने उभे करायचे. २००२ पासून उपलब्ध असलेला डॉसबॉक्स हेच करतो. अस्सल वस्तू जागी करावी की तिची नक्कल ऐकावी, हा वाद तेव्हापासून चालू आहे. कोल्हापूरच्या ध्वनिपट्टीपाशी तो पुन्हा भेटेल.

५/
आता कोल्हापूर. या शहराला यंत्र उघडून पाहण्याची सवय बोलपटाच्या आधीपासूनची. आनंदराव आणि बाबूराव हे मिस्त्री घराण्यातील चुलतभाऊ. नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांचे नाव होते. लोक त्यांना पेंटर म्हणत. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि दोघांना सिनेमाचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. जुना प्रोजेक्टर मिळवून त्यावरून कॅमेरा तयार करण्याच्या खटपटीला ते लागले.

६/
ही कल्पना वाटते तितकी विचित्र नाही. प्रोजेक्टर हा एका अर्थी उलटा कॅमेरा असतो. दोन्हींत फिल्म क्षणभर थांबते, चौकट उजेडासमोर येते, झडप फिरते, पंजा फिल्म पुढे ओढतो. एकात उजेड आत येतो, दुसऱ्यात बाहेर जातो. खरी परीक्षा असते ती पंजाच्या अचूकपणाची. चौकट केसभर हलली तरी पडद्यावरचे सारे जग थरथरते.

७/
आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले या तरुण सहकाऱ्याच्या साहाय्याने त्यांनी १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवलासाठी तानीबाई कागलकर या गायिकेने हात दिला. त्याच कॅमेऱ्यावर झालेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात झळकला. दामले हे नाव येथे लक्षात ठेवावे. पुढची गोष्ट बरीचशी त्यांचीच आहे.

८/
१ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. भागीदार पाच: दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि भांडवल पुरवणारे सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे बाबूरावांच्या कंपनीतून बाहेर पडलेले. बोधचिन्ह घेतले तुतारी वाजवणाऱ्या स्त्रीचे. चित्रपट अर्थातच मूक होते. ती तुतारी पुढची दोन-अडीच वर्षे नुसतीच दिसत राहिली.

९/
१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि मूकपटांचे दिवस भरले. त्याच वर्षी महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बोलपटामुळे दृश्यकलेचे नुकसान होईल, असे बाबूराव पेंटरांना वाटत असे. ते पूर्णतः चुकीचे होते असे म्हणवत नाही. सुरुवातीचे बहुतेक बोलपट पाहिले तर कॅमेरा जागच्या जागी खिळलेला आणि नट अदृश्य मायक्रोफोनभोवती घोटाळताना दिसतात. पुढे १९३५ मध्ये खुद्द बाबूरावांनीही कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ हा बोलपट केला.

१०/
प्रभातने आवाज आणायचे ठरवले, तेव्हा ध्वनीची जबाबदारी दामल्यांवर आली. यंत्रसामग्री परदेशी होती. ती चालवण्याचे शिक्षण देणारी संस्था देशात नव्हती. कॅमेरा जोडणारे हात आता ॲम्प्लिफायरच्या तारा जोडू लागले.

११/
मूकपटासाठी उभारलेल्या व्यवस्थेत आवाज घुसवणे म्हणजे एक यंत्र वाढवणे नव्हे. मूक कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. सेकंदाला सोळा, अठरा, वीस चौकटी. कॅमेरामनच्या मनगटावर ते अवलंबून. डोळा हे खपवून घेतो. कान खपवून घेत नाही. वेग जरासा डगमगला की स्वर हेलकावतो, आणि गाणारा कितीही पक्का असो, बेसूर ठरतो. म्हणून बोलपटाला मोटर आली आणि सेकंदाला चोवीस चौकटींचा ठाम वेग आला.

१२/
मग गोंगाट. मूकपटाच्या सेटवर दिग्दर्शक मोठ्याने सूचना देत असे, हातोडे चालू असत, कॅमेरा खडखडत असे. कोणाचे काही बिघडत नसे. मायक्रोफोनला मात्र हे सगळे ऐकू येते. ‘आलम आरा’चे चित्रण स्टुडिओजवळून जाणाऱ्या आगगाड्यांमुळे रात्री करावे लागले होते. आवाज आल्यावर सिनेमाला प्रथम शांतता शोधावी लागली.

१३/
पार्श्वगायन हा प्रकार नव्हता. हिंदी चित्रपटात तो १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून आला. १९३२ मध्ये नट जे गात असे तेच, त्याच क्षणी, फिल्मवर उतरे. साथीदारांना कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर आणि तरीही मायक्रोफोनच्या टप्प्यात बसवावे लागे. एखादा शब्द अडखळला, कोणी खोकले, तबला पुढे गेला, की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय प्रभातने हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केला होता. त्यामुळे हा खटाटोप दुप्पट.

१४/
राजा हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे. संगीतही टेंब्यांचेच. भास्करबुवा बखल्यांच्या सहवासात वाढलेला हा नामांकित हार्मोनियमवादक. नाट्यसंगीताच्या रंगभूमीवर गाणारा नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवत असे. मायक्रोफोन मात्र हातभर अंतरावर. रंगमंचाची फेक येथे उपयोगाची नव्हती, उलट यंत्राला ती झेपत नसे. एका पिढीला आपला गळा नव्या श्रोत्यासाठी जुळवून घ्यावा लागला, आणि तो श्रोता माणूस नव्हता.

१५/
आता प्रत्यक्ष ध्वनिपट्टी. फिल्मवर चौकटींच्या कडेला, छिद्रांच्या आत, सुमारे अडीच मिलिमीटर रुंदीची एक उभी पट्टी असते. आवाज तेथे चित्ररूपाने छापलेला असतो. दोन रीती होत्या: एकीत पट्टीचा पारदर्शक भाग लाटांसारखा रुंद-अरुंद होतो, दुसरीत रुंदी तीच राहते, पण काळेपणा कमी-जास्त होतो, जणू अतिसूक्ष्म शिडीच्या पायऱ्या.

१६/
वाचणारे यंत्र अगदी साधे. एक छोटा दिवा, एक बारीक फट, आणि फिल्मच्या पलीकडे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा फोटोसेल. पट्टी सरकते, उजेड कमी-जास्त होतो, वीज कमी-जास्त होते, कर्णा बोलतो. फिल्म सेकंदाला सुमारे ४५७ मिलिमीटर धावते. म्हणजे पाच हजार हर्ट्झचा एक तरंग जेमतेम ०.०९ मिलिमीटरमध्ये बसतो. फट रुंद असेल तर असे अनेक तरंग एकात एक मिसळतात आणि ‘स’, ‘श’ ओठांवरच राहतात.

१७/
आणखी एक गंमत. चौकटीसमोर फिल्म थांबत-थांबत जाते. ध्वनीला मात्र अखंड प्रवाह हवा. म्हणून दोन्ही एकाच जागी वाचता येत नाहीत. आवाज चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापतात. पडद्यावर तारामती बोलते आहे त्या क्षणी तिचा शब्द चित्राच्या खिडकीत नसतो. तो ध्वनिवाचकापाशी पोचलेला असतो. फिल्म तुटली आणि ऑपरेटरने चार चौकटी कापून ती जोडली की चित्रातली उडी आणि आवाजातली उडी वेगवेगळ्या क्षणी येतात. जुन्या प्रती पाहताना हे हमखास जाणवते.

१८/
प्रभातने १९३३ मध्ये मुक्काम पुण्याला हलवला. कोल्हापुरात सिनेमा थांबला नाही; कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन उभ्या राहिल्या, आणि सिनेटोनच्या जागी पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आला. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत जयप्रभा जाळला गेला. ‘मीठभाकर’ची फिल्म त्यात गेली, भालजींना तो चित्रपट पुन्हा चित्रित करावा लागला. पुन्हा चित्रित करता आला, हे भाग्यच. बहुतेक जळलेल्या फिल्मांच्या वाट्याला ते आले नाही.

१९/
त्या काळची व्यावसायिक फिल्म नायट्रेटची असे. तिचे रासायनिक नाते स्फोटक कापसाशी. पेटली की पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःजवळच बाळगते. न पेटताही ती सडते: चिकट होते, मग घट्ट होते, शेवटी तपकिरी भुकटी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, तेव्हा प्रभातकालीन चित्रपटांच्या मूळ प्रतीही नष्ट झाल्या.

२०/
‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे ‘अयोध्येचा राजा’ हा उपलब्ध भारतीय बोलपटांतील सर्वांत जुना मानला जातो. एखाद्या अभ्यासकाला भारतीय पडद्यावरचे पहिले बोलणे कसे होते हे ऐकायचे असेल, तर पुरावा कोल्हापुरातून येतो. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि त्याचे पहिले शिल्पकार पी. के. नायर यांनी असा वारसा जमवण्यात हयात घालवली.

२१/
येथे पुन्हा साउंड कार्डाचा प्रश्न. पट्टी आहे, तिला ओळखणारे यंत्र कोणते? आजच्या चित्रपटगृहात फिल्मच नाही. संग्रहालयातल्या यंत्रांनाही ही पट्टी सरळ पचत नाही. पहिली अडचण आकाराची. नायट्रेट फिल्म वयानुसार आकसते, अनेकदा एक टक्का किंवा अधिक. शंभर छिद्रांत एक छिद्राचा फरक पडला की नव्या यंत्राची दातेरी चाके फिल्म फाडू लागतात. ती कार्डाच्या स्लॉटसारखीच गोष्ट: बसतच नाही.

२२/
दातेरी चाकांऐवजी गुळगुळीत रुळावरून फिल्म नेली, तर फाटत नाही. पण आता वेग लांबीवर ठरतो. एक टक्का आकसलेल्या फिल्मवरचे तरंगही एक टक्का जवळ आलेले. ठरल्या वेगाने ती वाजवली तर स्वर सुमारे १७ सेंट वर चढतो. (एका सप्तकाचा बारावा भाग म्हणजे शंभर सेंट.) आपल्या संगीतातली लहानात लहान श्रुती साधारण २२ सेंटची. म्हणजे गवयाला खटकेल इतका हा फरक आहे.

२३/
दुसरी अडचण नव्या यंत्राच्या अतितीक्ष्ण कानांची. त्या काळचे कर्णे आणि चित्रपटगृहे उंच स्वर फारसे ऐकवत नसत. पट्टीतील खरखर, धुळीची चटचट त्या मंदपणात विरून जाई. हॉलिवूडने १९३८ मध्ये तर हे उंच स्वर किती दाबावेत याचा प्रघातच ठरवून दिला. आजची यंत्रणा सगळे प्रामाणिकपणे ऐकवते. त्यामुळे १९३२ च्या प्रेक्षकाने कधीही न ऐकलेली खरखर आजचा श्रोता ऐकतो आणि म्हणतो, ‘किती वाईट ध्वनिमुद्रण!’ दामल्यांवर हा अन्याय आहे.

२४/
मग खरखर पुसून टाकावी काय? संगणकाने ती सहज पुसता येते, आणि तिच्याबरोबर तंबोऱ्याची जवारी आणि श्वासही पुसले जातात. अनेक जुन्या गाण्यांच्या ‘स्वच्छ’ आवृत्त्यांत गायक काचेच्या बरणीतून गात असल्यासारखा भासतो. थोडी खरखर राहू द्यावी आणि उंच स्वर जुन्या कर्ण्याइतके दाबावेत, हा मार्ग अधिक सभ्य म्हणायचा.

२५/
एक अडचण मात्र येथे येत नाही. २००० च्या दशकात ध्वनिपट्टी चांदीऐवजी निळसर रंगाची होऊ लागली आणि प्रोजेक्टरमध्ये पिवळ्या दिव्याऐवजी लाल एलईडी आले. निळी पट्टी जुन्या दिव्याला नीट वाचता येत नाही. उलट मात्र चालते: जुन्या कृष्णधवल फिल्मची काळी चांदी कोणत्याही रंगाचा उजेड अडवते. १९३२ ची पट्टी लाल उजेडाखालीही बोलते.

२६/
आता नक्कलेचा मार्ग. फोटोसेलच नको, पट्टीचे उच्च प्रतीचे छायाचित्र घ्यायचे आणि त्या चित्रावरून आवाज संगणकाने मोजायचा. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात यासाठी एईओ-लाइट हा मुक्त प्रोग्रॅम तयार झाला. फायदे मोठे आहेत. फिल्म कितीही आकसलेली असो, प्रत्येक चौकट चोवीसाव्या भागाच्या सेकंदात बसवता येते आणि स्वर मूळ जागी येतो. ओरखडा कोठे आहे हे डोळ्यांनी दिसते.

२७/
उणीव अशी की दोन चौकटींच्या छायाचित्रांचा सांधा आवाजातही सांधा म्हणून उमटू शकतो. सेकंदाला चोवीस वेळा. तो जुळवणे हेच अशा प्रोग्रॅमचे निम्मे काम. खऱ्या कार्डाचे आणि डॉसबॉक्सचे भक्त ज्या आवेशाने भांडतात, तसा वाद येथे करायचे कारण नाही. नायट्रेट प्रत दर वेळी यंत्रातून धावली की थोडी मरते. छायाचित्र एकदा घेतले की ते हजारदा वाचता येते. नाजूक वस्तूबाबत नक्कल हीच दया.

२८/
चौकटीचेही तसेच. ध्वनिपट्टीने जागा खाल्ल्यामुळे सुरुवातीच्या बोलपटांची चौकट जवळजवळ चौरस झाली होती. १९३२ पासून अमेरिकेत थोडी रुंद चौकट प्रमाण ठरली. जुनी चौरस चौकट नव्या मापाच्या झडपेतून दाखवली की वरची पात्रांची डोकी आणि खालची पावले कापली जातात. हरिश्चंद्राचा मुकुट अर्धाच दिसला तर दोष कॅमेरामनला देऊ नये.

२९/
बहुसंख्य मराठी प्रेक्षकांनी जुने प्रभातपट चित्रपटगृहात नव्हे, दूरदर्शनवर, व्हिडिओ कॅसेटवर आणि पुढे व्हीसीडीवर पाहिले. भारतातील दूरचित्रवाणीची पाल पद्धती सेकंदाला पंचवीस चौकटींची. चोवीसची फिल्म तीत बसवण्याची सोपी आणि रूढ युक्ती म्हणजे ती सरळ पंचवीसने पळवणे. चित्रपट चार टक्के आखूड होतो आणि स्वर सुमारे ७० सेंट चढतो. काळी एकमध्ये गायलेले पद पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसते.

३०/
गायकाचा आवाज त्यामुळे पातळ आणि तरुण वाटतो, लय जलद भासते. ‘पूर्वीचे लोक किनऱ्या आवाजात गात’ या समजुतीला त्या काळच्या गायकीइतकाच या पंचवीसच्या आकड्याचाही हातभार लागला असावा. साथीच्या पेटीवरून मूळ पट्टी शोधता येईल असे वाटते, पण तेव्हाच्या पेट्या एकाच मापाला लावलेल्या नसत. ती फूटपट्टी येथे भरवशाची नाही.

३१/
घरी जुनी व्हीसीडी किंवा कॅसेटवरून केलेली प्रत असेल, तर प्रयोग सोपा आहे. आधी लांबी पाहावी: मूळ दीडशे मिनिटांचा चित्रपट पंचवीसच्या वेगाने १४४ मिनिटांचा होतो. तसा फरक आढळला तर संगणकावरील प्लेअरमध्ये वेग ०.९६ करावा. बहुतेक प्लेअर वेग बदलताना स्वर जागच्या जागी धरून ठेवतात. ती सोय आधी बंद करावी, नाहीतर लय सुधारेल आणि स्वर चढलेलाच राहील. लांबी मूळ चित्रपटाइतकीच असेल, तर कशालाही हात लावू नये.